हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ : कैफियत न मांडणारे आत्मकथन

‘सांगते’ असे न लिहिता ‘सांगत्ये’ असे लिहिले, की त्या एका ‘य’मुळे छापील शब्दाला आवाज येतो. जुन्या पिढीतल्या बायका ‘मी येत्ये’, ‘मी करत्ये’ असे म्हणत. ते बोलण्यातले रूप आहे, लेखणीतले नव्हे. चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाचे हे शीर्षक मुळात अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटाचे. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यातली तमासगीर स्त्री साकारणाऱ्या हंसाबाईंचे नाव त्या शीर्षकाशी कायमचे जोडले गेले. चित्रपटात त्या दुसऱ्या कोणाची तरी कहाणी सांगत होत्या. १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढले, तेव्हा त्याच दोन शब्दांखाली त्यांची स्वतःची कहाणी आली. ‘ऐका’ या शब्दातला अधिकार मात्र दोन्हीकडे तोच आहे.

हे पुस्तक त्यांनी लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. तेव्हा तरुण पत्रकार असलेल्या अरुण साधू यांच्यापाशी त्यांनी ते सांगितले. ते आधी ‘माणूस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि मग ग्रंथरूपाने आले. पुस्तक छोटेखानी आहे, एका बैठकीत संपते, परंतु वाचून खाली ठेवल्यावर दुसरे काही लगेच हाती घ्यावेसे वाटत नाही. मी ते दोनदा वाचले आहे. पहिल्या वाचनात घटनांनी मला इतके ओढून नेले, की सांगण्याची रीत लक्षातच आली नाही. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले, की या पुस्तकाचे खरे सामर्थ्य त्या रीतीतच आहे : ही बाई स्वतःची कैफियत मांडत नाही. आपण केले ते बरोबर होते असा तिचा दावा नाही आणि चुकले म्हणून ती पदरही पसरत नाही. जे झाले ते ती सांगते, आणि निवाडा करण्याचे काम वाचकावरही सोपवत नाही.

त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. घराण्यात गाण्याबजावण्याची परंपरा होती, घरात पैशाची ओढाताण होती आणि १९३६ च्या ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा ही मुलगी जेमतेम तेरा वर्षांची होती. हौस म्हणून नव्हे, तर घर चालावे म्हणून ती या धंद्यात आली. पुढे बॉम्बे टॉकीजचे ‘नवजीवन’ आले, १९४१ मध्ये प्रभातचा ‘संत सखू’ आला, आणि कमाई वाढत गेली तशी ती कमाई थांबू नये असे वाटणाऱ्यांची निकडही वाढत गेली. ज्या वयात मुलींना अंगणाबाहेर सोडत नसत, त्या वयात एका मुलीच्या जिवावर घर उभे होते आणि तरीही त्या घरात तिच्या शब्दाला वजन नव्हते, हा विरोध पुस्तकात पानोपानी आहे. तो कुठेही ठळक करून दाखवलेला नाही, म्हणूनच अधिक बोचतो.

लग्नाची हकिगत या दृष्टीने नीट वाचण्यासारखी आहे. लग्न झाल्यावर काम सोडावे, चारचौघींसारखा संसार करावा, मुलेबाळे व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. ती पुरी होऊ दिली गेली नाही, कारण ती पुरी झाली असती तर मिळकत थांबली असती. ‘संत सखू’ची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे : सखूला घराचा जाच सोडून पंढरीला जायचे आहे, आणि तिच्या जागी प्रत्यक्ष विठ्ठल तिचे रूप घेऊन घरकाम करतो. पडद्यावरच्या सखूला घराबाहेर पडायचे होते आणि ती भूमिका करणाऱ्या मुलीला स्टुडिओतून सुटून घरी राहायचे होते. तिच्या जागी उभे राहायला मात्र कोणी आले नाही. ही तुलना पुस्तकाने केलेली नाही, ती माझी आहे. परंतु चित्रपट पाहून पुस्तक वाचणाऱ्याला ती सुचल्यावाचून राहणार नाही.

या आत्मकथनाचा सर्वांत अवघड भाग म्हणजे त्या घर सोडून एका पुरुषाबरोबर मराठवाड्यातल्या गावी गेल्या, ती वर्षे. मुंबईत नाव असलेली नटी तिथे एका मोठ्या घरातली आणखी एक बायको होऊन राहिली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. ज्या संसाराची आस होती, तो असा बंदिवास होऊन वाट्याला आला. अखेर ज्याचे घर सोडले होते त्या नवऱ्याला निरोप पाठवून त्यांनी सुटका करून घेतली, तर त्या सुटकेच्या वाटेवर ज्याने न्याय द्यायचा त्या अधिकाऱ्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला. एवढा भयंकर प्रसंग सांगताना हंसाबाईंचा स्वर उंचावत नाही. विशेषणे जवळजवळ नाहीत. साठच्या दशकात, जेव्हा अशा गोष्टी नात्यातल्या बाईच्या कानातही सांगितल्या जात नसत, तेव्हा एका प्रसिद्ध स्त्रीने आपल्या नावानिशी त्या छापू दिल्या. हे धाडस होते, आणि ते धाडस आहे असे न भासवता केले होते. दारूचे व्यसन, पुरुषांशी आलेले संबंध, स्वतःचे उतावीळ निर्णय यांविषयीही त्या याच सुरात बोलतात. दुसऱ्यांच्या अन्यायाला एक माप आणि स्वतःच्या चुकांना दुसरे, असे त्यांनी केलेले नाही. मराठी आत्मचरित्रांत ही गोष्ट दुर्मीळ आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

हा सूर किती त्यांचा आणि किती शब्दांकन करणाऱ्याचा, असा प्रश्न मनात येतोच. साधूंनी स्वतःला पूर्णपणे बाजूला ठेवले आहे. त्यांचे प्रश्न दिसत नाहीत, कुठे थांबून भाष्य केलेले नाही, भाषेला साहित्यिक झिलई दिलेली नाही. वाक्ये आखूड आहेत आणि एका आठवणीतून दुसरी निघते, तसा काळ मागेपुढे होतो. ज्यांना सनावळीची सवय आहे, त्यांना हा सैलपणा त्रासदायक वाटेल. कोणता चित्रपट नेमका आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आला, हे जुळवण्यासाठी मलाही अधूनमधून थांबावे लागले. तरीही हा क्रम सरळ केला असता तर बोलणाऱ्या बाईचा श्वास हरवला असता, म्हणून शब्दांकनाची ही निवड मला योग्य वाटते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या पुस्तकात अभिनयाविषयी फार कमी आहे. ‘रामजोशी’ (१९४७) मधली बया ही मराठी पडद्यावरच्या तमासगीर स्त्रीची घडण ठरवणारी भूमिका होती. पुढच्या कित्येक तमाशापटांतल्या नायिका तिच्याच वाटेने आल्या. राजा परांजपे यांच्या ‘पुढचं पाऊल’ (१९५०) मध्ये पु. ल. देशपांडे यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. ‘सांगत्ये ऐका’मध्ये तर चढत्या उमेदीच्या जयश्री गडकर असतानाही चित्रपटाचा भार हंसाबाईंनी पेलला. हे सगळे त्यांनी कसे साधले, लावणीची अदा कोणाकडून उचलली, संवादाची फेक कशी बसवली, कोणत्या दिग्दर्शकाने काय शिकवले, हे ऐकण्याची माझी फार इच्छा होती. ती तहान पुस्तक भागवत नाही. कदाचित ज्या कामाला आपण जुंपलो गेलो, त्या कामाचे कौतुक स्वतःच्या तोंडून करणे त्यांना जमले नसावे. मात्र त्यामुळे त्यांच्या आयुष्याची हकिगत कळते आणि त्यांची कला चित्रपटांतूनच शोधावी लागते.

अनेकजण या पुस्तकाकडे त्यावरच आधारलेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या चित्रपटावरून येतात. स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो सर्वस्वी योग्यच होता. परंतु चित्रपटातली नायिका उषा आणि पुस्तकातल्या हंसाबाई एकच आहेत असे धरून वाचू नये. चित्रपटाला आकार हवा असतो. तिथे पुरुष एकामागून एक येतात आणि नायिका शेवटी आपल्या एकटेपणापाशी पोहोचते. पुस्तकातली बाई अशी कुठे पोहोचत नाही. ती अधिक विस्कळीत, अधिक तापट आणि माझ्या मते अधिक जिवंत आहे. हा चित्रपट त्यांना पाहता आला नाही. पुस्तक आले त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

ज्यांना त्या काळच्या चित्रसृष्टीचा व्यवस्थित पट हवा आहे, त्यांनी दुर्गा खोटे यांचे आत्मचरित्र शेजारी ठेवावे. शिकलेल्या, सुस्थित घरातून आलेल्या बाईला तोच धंदा कसा दिसला, ते तिथे कळते. हंसाबाईंचे पुस्तक मी सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती द्यायलाही कचरणार नाही, फक्त ते वाचून झाल्यावर त्यांच्याशी बोलायला मोठ्या माणसाने जवळ असावे. आणि शक्य असेल त्याने एखादे प्रकरण तरी मोठ्याने वाचावे. मी मराठवाड्याचा भाग तसा वाचून पाहिला. डोळ्यांनी वाचताना जी वाक्ये कोरडी वाटली होती, ती उच्चारताना दोन ठिकाणी माझा आवाज थांबला.