इसबगोल: सात महिन्यांनंतर, आणि सिंकमधला तो ग्लास

आज सकाळी सिंकमध्ये पुन्हा तो ग्लास सापडला. तळाशी काचेसारखा पारदर्शक पापुद्रा, नखाने खरवडला तरी न सुटणारा. त्यावरून घरात जी वादावादी झाली, तिच्यामुळेच हा अनुभव लिहायचा मुहूर्त लागला.

इसबगोल म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ज्याला बद्धकोष्ठता ठाऊक आहे त्याला इसबगोलही ठाऊक असतं. नावाची गंमत तेवढी सांगते: फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून हे नाव. आपण घेतो तो या बीवरचा भुसा.

पहिले दोन आठवडे माझं मत स्पष्ट होतं, पैसे पाण्यात! पोट टम्म, रात्रभर गुडगुड, आणि ज्यासाठी घेतलं ते जागच्या जागी. मी पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले होते आणि वर जेमतेम अर्धा ग्लास पाणी. शिवाय रात्री घेतलं की सकाळी सहाला निकाल हवा. सोनामुखी, म्हणजे पोट साफ करायला घेतात ती वनस्पती, आतड्याला ढोसते, म्हणून 6 ते 12 तासांत काम होतं. हा भुसा कुणाला ढोसत नाही. पाणी धरून फुगतो, मल मऊ आणि भरीव करतो, आणि त्याला 12 ते 72 तास लागतात. पाणीच दिलं नाही तर तो फुगणार कशावर? उलट आतच अडून बसतो.

एकदा तर घाईत कोरडाच चमचा तोंडात टाकला, पाणी नंतर पिऊ म्हणून. घशात असा काही चिकटला की दोन मिनिटं डोळ्यांसमोर काजवे चमकले. बरणीवर बारीक अक्षरांत ही सूचना होती. मी ती बरणी संपत आल्यावर वाचली. गिळायला त्रास होत असेल त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये.

मग हट्टाने पुन्हा सुरुवात केली. अर्धा छोटा चमचा, 250 मिली पाणी, दर आठवड्याला थोडं वाढवत दीड चमच्यापर्यंत. चौथ्या आठवड्यात मत बदललं. सकाळचा अर्धा तास वाचला, कुंथणं थांबलं. मध्ये एकदा जुलाब झाले तेव्हा बंद करणार होते, पण डॉक्टर म्हणाले, थोडं चालू ठेवा. जास्तीचं पाणी शोषून ते मल घट्टही करतं. एकच भुसा दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतो हे मला नवीन होतं.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं: शौचातून रक्त जातं का, वजन आपोआप उतरतंय का, सवय अचानक बदलली का? यातलं काही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी तपासणी. आणि रोजच्या गोळ्या यापासून किमान 2 तास लांब, नाहीतर भुसा औषधही आपल्यात गुंडाळून घेतो. माझी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, म्हणून इसबगोल रात्री. रात्री म्हणजे अगदी अंथरुणावर पाठ टेकताना नव्हे.

स्वादाची पाकिटंही एकदा आणून पाहिली. घटकांच्या यादीत पहिली साखर! साखरेसाठी भुशाचा भाव कशाला मोजायचा? साधा भुसाच बरा. मधल्या काळात पोटातल्या गॅसवर उपाय म्हणून पुदिन्याचा चहाही झाला. पोट हलकं वाटलं, पण छातीत जळजळ वाढली. पुदिना अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतो, तेव्हा आम्लपित्तवाल्यांनी जपून. खाण्याचा सोडा तर एका ढेकरेपुरता, वर त्यात सोडियम भरपूर. रक्तदाबवाल्यांनी लांबच राहावं.

आता मूळ तक्रार: ग्लास. इसबगोल ढवळून फोन घ्यायला गेलात की संपलं. परत येईपर्यंत पाण्याची खीर झालेली असते आणि चमचा त्यात डुलत उभा. ती गिळताना जीव जातो, आणि उरलेला थर वाळला की भांडं घासणाऱ्याचा जीव जातो. “आई, तुझा ग्लास तूच घास,” असं मुलाने मला दुसऱ्याच महिन्यात बजावलं आणि माझ्यासाठी कडेला ओरखडे असलेला एक ग्लास वेगळा काढून ठेवला. घरात मी वाळीत!

उपाय सापडायला पाच महिने लागले. झाकणाची बाटली घ्यायची, आधी पाणी, वरून भुसा, दहा वेळा हलवायचं आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाकायचं. मग त्याच बाटलीत पुन्हा पाणी भरून, खळखळवून तेही पिऊन टाकायचं. बाटली जवळजवळ धुतली जाते आणि वरचं पाणीही पोटात जातं. त्या दिवसापासून पोट खऱ्या अर्थाने रुळावर आलं, कारण तोवर मी कधीच पुरेसं पाणी पीत नव्हते.

म्हणजे गेले दोन महिने मी ग्लास वापरतच नाही. मग आजचा तो ग्लास कुणाचा? मी विचारलं तेव्हा चिरंजीव फोनमध्ये बघत होते. बरणीही माझ्या हिशेबापेक्षा दहा दिवस आधी संपली आहे. “कधीपासून घेतोस?” म्हटलं, तर म्हणे, “अगं, चव बघत होतो.”

ग्लास त्याच्याकडूनच घासून घेतला.