घर सोडून आलेल्या मुलामुलींचं होस्टेल: तिथे अठरा महिने राहिले, त्याबद्दल

कागदोपत्री या जागेचं नाव लांबलचक आहे, आम्ही सगळे होस्टेलच म्हणायचो. घरातून निघून आलेल्या किंवा घरच न उरलेल्या, सोळा ते एकवीस वयाच्या मुलामुलींना दीड वर्षापर्यंत राहायला देतात आणि तेवढ्या काळात एकटं जगायची तयारी करून घेतात. मी सतराव्या वर्षी तिथे गेले, एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडले. आता तेवीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात दोघांनी मला विचारलं, आमच्या ओळखीतल्या मुलीला तिथे पाठवू का? तोंडी सांगताना नेहमी काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी उत्तर देते. हो, पाठवा. पण तिथून निघतानाचं काय, हे जायच्या आधीच विचारून घ्या.

होस्टेलवर यायच्या आधी मी तातडीच्या निवाऱ्यात होते, एका खोलीत बारा जणी. त्याच्याही आधीच्या रात्रींबद्दल मला इथे लिहायचं नाही. होस्टेलवर मला माझी एकटीची लहानशी खोली मिळाली. आतून कडी, बाहेरून कुलूप, आणि किल्ली माझ्याच हातात. रात्रपाळीच्या ताई म्हणाल्या, "कडी लावून झोप. काही काम असलं तर मी दार वाजवीन, उघडणार नाही." त्या गेल्यावर मी कडी लावली, काढली, परत लावली. मग बूट घालूनच आडवी झाले, पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून. असं मी अकरा रात्री झोपले. चादरीवर मातीचे डाग पडायचे. संध्याकाळी दारापाशी धुतलेली चादर घडी करून ठेवलेली असायची, पण कोणी एका शब्दाने विचारलं नाही. पुढे कळलं की नव्याने आलेल्या पुष्कळ जणी बूट घालूनच झोपतात आणि त्याबद्दल बोलायचं नाही हे तिथल्या लोकांनी ठरवून ठेवलेलं आहे. बाराव्या रात्री पाय फार उकडायला लागले आणि मी बूट काढले. या एका गोष्टीसाठी मी त्या जागेची आयुष्यभर ऋणी राहीन.

दुसरी गोष्ट कागदांची. घरातून पळताना कोणी जन्माचा दाखला बरोबर घेत नाही. ओळखपत्र काढायला गेलं की पत्त्याचा पुरावा मागतात. पत्त्यासाठी भाडेकरार हवा आणि करारासाठी ओळखपत्र. पगार जमा व्हायला बँकेत खातं लागतं, खात्याला परत ओळखपत्र. या चक्रात मुलं वर्षानुवर्षं अडकतात आणि मग रोख पैसे देणाऱ्या, कुठेही नाव न लावणाऱ्या कामावर राहतात, जिथे पगार बुडवला तरी दाद मागता येत नाही. होस्टेलने लेटरहेडवर मी तिथे राहत असल्याचं पत्र दिलं आणि माझी केसवर्कर, म्हणजे होस्टेलने माझ्या मदतीला नेमलेली ताई, माझ्याबरोबर कचेरीत आली. आदल्या संध्याकाळी तिने माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं होतं: काय हवंय, कोणता कागद आहे, कोणता नाही, आणि नाही म्हणाले तर काय म्हणायचं. खिडकीतला माणूस म्हणाला, "आईवडिलांना घेऊन ये." मी मागे वळून पाहिलं. ती माझ्या मागेच उभी होती, पण काही बोलली नाही. मग मीच म्हणाले, "ते येणार नाहीत. हे संस्थेचं पत्र आहे. यावर होत नसेल तर तसं लिहून द्या." आवाज कापत होता. त्याने पत्र आत घेतलं. दाखला हातात पडायला सात आठवडे लागले. परत येताना मी तिच्यावर चिडले होते, एक शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं? आज कुठल्याही खिडकीपुढे उभी राहिले की 'तसं लिहून द्या' हे तीन शब्द माझे मलाच सापडतात.

पैशांची शिस्तही चांगली आहे. काम लागलं की कमाईच्या तीस टक्के 'भाडं' घेतात. आधी मला हा अन्याय वाटला होता. पण तो पैसा तुमच्याच नावाने जमा राहतो, जाताना पै न पै परत मिळते. दर महिन्याला एका निळ्या वहीत रक्कम लिहायची आणि दोघांनी सही करायची. तेव्हा मी लाँड्रीत इस्त्रीला होते. चौथ्या महिन्यात मी सगळा पगार एका फोनवर घालवला आणि भाडं द्यायला काही उरलं नाही. रागावणं झालं नाही. वही उघडून बसवलं आणि दोन हप्ते पाडून दिले, पण ते बुडवू दिले नाहीत. खोलीमालकाच्या बाबतीत हीच चूक केली असती तर सामान रस्त्यावर आलं असतं. तेच जमलेले पैसे पुढे माझ्या खोलीचं डिपॉझिट झाले.

स्वयंपाकाच्या पाळ्या, कपडे, साफसफाई, हे सगळं असतं तसंच आहे. काउन्सेलरकडे आठवड्यातून एकदा जावंच लागतं. पहिले पाच महिने मी तिथे गप्प बसून येत असे आणि तेही चालवून घेतलं गेलं.

आता जे खटकलं ते. दहा वाजता गेट बंद व्हायचं, आणि तीनदा उशीर झाला की जागा जायची. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी एका गोदामात कामाला होती. तिची पाळी साडेनऊला संपायची आणि शेवटच्या बसचा काही भरवसा नव्हता. पहिले दोन उशीर वहीत लागले. तिसऱ्या रात्री ती पावणेअकराला आली, भिजलेली, हातात पगाराची चिठ्ठी धरून, मी कामावर होते हे दाखवायला. आठ दिवसांनी तिचं नाव यादीतून निघालं. कामाला लागा म्हणून तुम्हीच पाठीमागे लागता, आणि काम केल्याची शिक्षा म्हणून परत रस्त्यावर? मी तेव्हा हे बोलले नाही, माझी जागा जाईल या भीतीने. त्याची मला लाज वाटते. ज्या मुलीला घरातून 'चालती हो' ऐकून निघावं लागलंय, तिला तेच दुसऱ्या दारातून ऐकवू नये. नियम असावेत, पण त्यांची शेवटची पायरी रस्ता असू नये.

केसवर्कर टिकत नाहीत, हा दुसरा दोष. अठरा महिन्यांत मला तीन झाल्या. ऑफिसच्या भिंतीवर आईवडिलांशिवाय वाढणाऱ्या मुलांसाठीच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २००९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांमधला मजकूर लावलेला होता. बाहेर पडण्याची तयारी निघायच्या पुष्कळ आधी सुरू व्हावी आणि शक्यतो प्रत्येक मुलामागे त्यासाठी एक माणूस नेमलेला असावा, असं त्यात म्हटलंय. मला ते पाठ झालं होतं, कारण प्रत्येक नव्या ताईपुढे पहिल्यापासून सगळं सांगताना माझी नजर तिथेच असायची. पगार कमी, मुलं जास्त, त्यामुळे त्या सोडून जातात हे मला कळतं. पण तिसऱ्या वेळी मी निम्मंच सांगितलं.

आणि निघण्याचा दिवस. अमेरिकेत बेघर आणि घर सोडलेल्या तरुणांसाठीचा कायदा १९७४ पासूनचा आहे. त्यात अशा निवासाची मुदत साधारण ५४० दिवसांची आहे, म्हणजे आमच्यासारखीच दीड वर्ष. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना २१ व्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून २३ पर्यंत आधार देता येतो. इंग्लंडमध्ये सरकारी देखरेखीत वाढलेल्यांना २५ पर्यंत सल्लागार मागता येतो. मला यातला २५ चा आकडा खरा वाटतो. घरात वाढलेली मुलं एकोणिसाव्या वर्षी कुठे सगळ्यातून मोकळी होतात? ताप आला की आईला फोन करतात, नोकरी सुटली की दोन महिने घरी येऊन राहतात.

होस्टेल सोडल्यावर, माझ्या भाड्याच्या खोलीतल्या तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. होस्टेलवर भिंतीपलीकडून कोणीतरी खोकायचं, नळ सोडायचं, भांडायचं. इथे काहीच आवाज नव्हता. रात्री दोन वाजता मी होस्टेलचा नंबर लावला. कागदावर मी आता त्यांची कोणी नव्हते. रात्रपाळीच्या त्याच ताईंनी फोन उचलला, किती ताप आहे विचारलं, पाणी प्यायला लावलं आणि मी पेला भरून आणेपर्यंत फोन धरून ठेवला. दर तासाला मीच फोन करायचा असं ठरलं. पहाटे पाचला ताप उतरला. अधिकृत पाठपुरावा म्हणजे महिन्यातून एक फोन, तोही सहा महिनेच. मला त्या रात्री ज्याने तारलं ते त्या ताईंच्या मनाचं होतं, संस्थेच्या नियमातलं नव्हतं. ते नियमात यायला हवं. रात्रीचा नंबर, आणि खोली सुटली तर काही दिवसांपुरती परत यायची सोय, जुन्या मुलांसाठी लेखी असायला हवी.

म्हणून कोणाला तिथे पाठवणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा: मुदत संपल्यावर कोण संपर्कात राहणार आणि कधीपर्यंत? एकदा जमलं नाही तर परत घेता का? कागद कोणाच्या ताब्यात राहतात? ते मुलीच्याच हातात हवेत, होस्टेलच्या कपाटात नकोत. मुलगी अठराच्या आत असेल तर तिच्याबद्दल कोणाला कळवणं त्यांना बंधनकारक आहे, हे तिच्यासमोरच विचारा. मला त्यांनी ते पहिल्या तासातच सरळ सांगितलं होतं, म्हणून मी थांबले. नाहीतर त्याच रात्री निघून गेले असते. आणि जागेसाठी थांबावं लागतं, मला निवाऱ्यात सात आठवडे थांबावं लागलं, तेवढी तयारी ठेवा.

मी अजूनही अधूनमधून तिथे जाते, नव्या मुलींना कचेरीत बोलायची तालीम द्यायला. गेल्या वर्षी गेटचा नियम बदलला. कामाच्या ठिकाणचं पत्र दिलं की पाळीप्रमाणे उशिरा येता येतं. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी मी फोनमध्ये त्या गोदामातल्या मुलीचा नंबर शोधला. तो आता दुसऱ्याच कोणाकडे लागतो.