गूढचित्रांचं कॉमिक: डिजिटल छापावं की ऑफसेट?

स्वखर्चाने काढलेलं ३२ पानी कॉमिक. काळीभोर रात्र, धुनीचा शेंदरी जाळ, निळ्या धुरातून उमटणारे चेहरे. प्रती १०० ते १५०. असं काम घेऊन नारायण पेठेतले, सदाशिव पेठेतले छापखाने फिरणाऱ्याला दोन दर मिळतात, एक डिजिटलवाल्याचा, एक ऑफसेटवाल्याचा, आणि दोघेही आपलंच बरोबर म्हणतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. डिजिटलला प्लेट लागत नाही, त्यामुळे प्रतीमागचा दर फारसा हलत नाही. ऑफसेटला रंगीत छपाईसाठी चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, शिवाय रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च १०० प्रतींनाही तेवढाच आणि १००० प्रतींनाही तेवढाच. म्हणजे थोड्या प्रतींना डिजिटलच स्वस्त.

पण अशा चित्रांचा जीव काळ्या रंगात असतो. माझ्या पहिल्या अंकात मधल्या जोडपानावर डोळे मिटलेली जोगीण होती, मागे सगळा अंधार. डिजिटलचा टोनर, म्हणजे शाईची पूड, कागदात मुरत नाही, वर बसतो. घडी पडली तिथे तो तडकला आणि जोगिणीच्या कपाळापासून नाभीपर्यंत कागदाची पांढरी रेघ उघडी पडली. महिनाभर रेखाटलेलं पान होतं ते. प्रत्येक प्रतीत तीच रेघ; बघवेना.

ऑफसेटची शाई घडीला सहसा इतकी तडकत नाही. मात्र मोठ्या भागावर नुसती काळी शाई करडी दिसते. तिच्याखाली ४० टक्के निळा द्यावा लागतो. संवादांची अक्षरं मात्र निव्वळ काळीच ठेवा. प्लेट केसभर सरकली तरी दोन रंगांचं अक्षर फुटतं. कागद मॅट आर्ट पेपर (गुळगुळीत, पण न चकाकणारा), १३० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १३० ग्रॅम. मॅपलिथो, म्हणजे वह्या-पुस्तकांचा साधा कागद, शाई पितो आणि अंधार मळकट होतो.

स्क्रीनवरचा झगझगीत जांभळा दोन्हीकडे फिका पडतो. त्याची तयारी रंगवतानाच ठेवा.

खरा सोनेरी हवा असेल तर चार रंगांत तो येतच नाही. चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ साली गोंड चित्रकारांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ काळ्या कागदावर हाताने स्क्रीन प्रिंट केलं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापलं. आपल्याला अख्खं पुस्तक तसं झेपणार नाही, पण मुखपृष्ठ झेपतं. लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर ते करून देतात, आणि शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हातकागद बनतो. त्यावरचा सोनेरी बोटालाही जाणवतो.

माझं मत: १५० प्रतींपर्यंत डिजिटल, पण घडीवरून काळा नेऊ नका, जोडपानाच्या मधोमध कोरी पट्टी सोडा. ५०० प्रती खपतील अशी खात्री असेल तर ऑफसेटच. आणि पीडीएफ बघून मंजुरी देऊ नका. सगळ्यात काळं पान त्याच कागदावर छापून मागा, तिथेच उभं राहून घडी घाला आणि घडीवरून नख ओढून बघा.