पाठीवर नाव असलेली जर्सी: सात महिन्यांनंतरचं माझं मत

भाच्याच्या अकराव्या वाढदिवसाला मी त्याला फुटबॉलची जर्सी दिली. ऑनलाइन मागवलेली, मुलांच्या मापातली, पाठीवर त्याच्या लाडक्या स्ट्रायकरचं, म्हणजे गोल मारणाऱ्या पुढच्या खेळाडूचं नाव आणि खाली मोठा नऊ. सात महिने तो ती घालतोय. मी मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे ही जर्सी मी घडी घातलेलीही पाहिली आणि चिखलात लोळलेलीही. कुणी अशी जर्सी घ्यायच्या विचारात असेल तर त्याच्यासाठी लिहितोय. कापडापेक्षा नावाबद्दलच जास्त लिहिणार आहे, कारण या सात महिन्यांत खरा त्रास त्या नावाने दिला आणि खरा फायदाही त्यानेच.

आधी कापड. पूर्ण पॉलिएस्टर, बारीक जाळीची वीण, घाम लवकर सुकतो. या जर्सी दोन प्रकारांत येतात: मैदानावर खेळाडू घालतात तशी अंगाला घट्ट बसणारी आणि चाहत्यांसाठीची, जरा ढगळ. मुलासाठी ढगळच घ्या. घट्ट जर्सीवर क्लबचं चिन्ह बहुतेक वेळा चिकटवलेलं असतं, ढगळ जर्सीवर भरतकामाचं, आणि रोज खेळणाऱ्या मुलाच्या अंगावर भरतकाम जास्त टिकतं. शिवण पक्की आहे. बाह्या कितीदा तरी ओढल्या गेल्या, पण एकही टाका उसवलेला नाही. कापडाला मी पाचपैकी साडेचार देईन.

अक्षरांना मात्र अडीच. नाव आणि नंबर म्हणजे एक पातळ फिल्म असते, ती गरम प्रेसखाली दाबून कापडाला चिकटवतात. धुताना जर्सी उलटी करायची, पाणी गार, ड्रायर नाही, अक्षरांवर थेट इस्त्री नाही. ताईने हे सगळं पाळलं, तरी तिसऱ्या महिन्यात नऊच्या शेपटाची कड सुटायला लागली. मुलगा वर्गात बसल्या बसल्या हात मागे नेऊन ती कड नखाने उचकटायचा, हेही खरं.

आता नावाचं सांगतो.

जर्सी मिळाल्यावर आठवड्याभरातच भाचा इमारतीमागच्या भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारायला लागला. तो उजव्या पायाचा. त्या स्ट्रायकरने कुठल्याशा मुलाखतीत सांगितलं होतं म्हणे, की लहानपणी त्याने कच्चा पाय असाच पक्का केला. मग काय, रोज शंभर वेळा. सुरुवातीला बॉल भिंतीऐवजी गटाराकडे जायचा. महिन्याभराने बॉल भिंतीवर आपटून सरळ परत त्याच्या पायाशी यायला लागला. मी त्याच्यामागे दोन वर्षं लागलो होतो, ‘डावा पाय वापर, डावा पाय वापर’. माझं ऐकून त्याने एक दिवसही केलं नव्हतं. पाठीवरच्या नावाने ते आठवड्यात करून घेतलं. याचा मला आनंदच झाला, आणि ज्यांना वाटतं की खेळाडूंकडे बघून मुलं काही शिकत नाहीत, त्यांनी एकदा ती भिंत येऊन बघावी. चुना उडून तिच्यावर बॉलएवढा गोल पडलाय.

याच जर्सीत त्याने मला दुसरीही गोष्ट दाखवली. सरावाचा सामना होता, शिट्टी माझ्याकडे. गोलसमोरच्या बॉक्समध्ये समोरच्या मुलाचा खांदा याच्या खांद्याला लागला. नुसता लागला, धक्का नव्हे. हा दोन पावलं पुढे गेला, मग गुडघ्यातून मोडून पडला आणि दोन्ही हातांनी तोंड धरून लोळायला लागला. खांद्याला लागलं आणि हात तोंडावर! बोटांच्या फटीतून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी पेनल्टी दिली नाही. त्याला उठवलं, पिवळं कार्ड दाखवलं आणि कडेला नेऊन बसवलं. नियम साफ आहे: लागलं नसताना लागल्याचं नाटक करून पंचाला फसवायला जाल तर पिवळं कार्ड. सामना संपल्यावर तो रागाने म्हणाला, “मामा, तोही असाच पडतो. त्याला देतात की पेनल्टी!”

मला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. कारण तो खोटं बोलत नव्हता.

मुलांच्या सामन्यांत पंच झालात की आठवड्यागणिक कळतं मोठ्यांच्या सामन्यात काय चाललंय. गोल झाल्यावरची उडी, हाताने काढलेलं ते चिन्ह, लाइनमनकडे बघून हवेत फेकलेले हात, सगळं पुढच्या शनिवारी माझ्यासमोर येतं, बुटांच्या लहान मापात. चांगलंही येतं. कितीतरी वर्षं मी घसा कोरडा करून सांगत होतो, की निर्णयाबद्दल विचारायला एकट्या कर्णधाराने या, अकरा जण अंगावर धावून येऊ नका. २०२४ च्या युरो स्पर्धेत युरोपच्या फुटबॉल संघटनेने तसाच दंडक घातला: पंचाकडे जायचं ते कर्णधाराने. मुलांनी टीव्हीवर पाहिलं की मोठमोठे खेळाडू चार हात लांब उभे राहतात आणि एकटाच पुढे येऊन बोलतो. त्यानंतर मला पोरांवर ओरडावं लागलेलं नाही. आता एखादा धावून आला तर त्याच्याच संघातलं कुणी त्याला मागे ओढतं.

म्हणून ‘खेळाडूंनी मुलांचे आदर्श असावं का’ हा वाद ऐकला की मी अस्वस्थ होतो. असावं का, हा प्रश्न कधीच मागे पडलाय. मूल कुणाला विचारून निवडत नाही.

पाठीवर नाव ही तशी फार जुनी गोष्ट नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९३-९४ च्या हंगामापासून प्रत्येक खेळाडूला हंगामभर एकच नंबर आणि पाठीवर नाव मिळालं. त्याआधी पहिल्या अकरा जणांना १ ते ११ नंबर असायचे आणि साधारण जागेप्रमाणे वाटले जायचे: गोलकीपर १, डावा बचावपटू ३, पुढचा ९. नंबर जागेचा होता, तो माणसाचा झाला. आणि त्याच १९९३ साली अमेरिकेत चार्ल्स बार्कले हा बास्केटबॉलपटू नायकेच्या जाहिरातीत कॅमेऱ्यात बघून म्हणाला, की मी आदर्श नाही, आदर्श आई-वडिलांनी व्हायला हवं, मला उडी मारून बॉल बास्केटमध्ये आपटता येतो म्हणून तुमची मुलं मी वाढवावीत असं होत नाही. त्यावर तेव्हा मोठा वाद झाला. बार्कलेचं अर्धं म्हणणं मला मनापासून पटतं. भाच्याला वाढवणं ताईचं, भावोजींचं आणि थोडंफार माझं काम आहे. कुठल्या स्ट्रायकरने त्याच्या घरी कसं वागावं यावर माझा हक्क नाही.

उरलेलं अर्धं मला पटत नाही, आणि त्याचं कारण या जर्सीच्या गळ्याला आतून छापलंय: ‘वय ११-१२’. तुमचं नाव अकरा वर्षांच्या मुलाच्या मापात विकलं जातं. ते विकण्यात तुमच्या क्लबचा फायदा आहे आणि तुमचाही. मग तो अकरा वर्षांचा मुलगा मैदानावरचं जे उचलतो, त्यातून तुम्हाला अंग काढून घेता येणार नाही. घरातलं नाही म्हणत मी, मैदानावरचं. पडणं, उठणं, पंचाशी बोलणं, हरल्यावर हात मिळवणं. तेवढी जबाबदारी त्या नावाबरोबर येतेच.

पाचव्या महिन्यात बातमी आली. उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत तो खेळाडू दोषी ठरला, बंदी आली. नाव मी लिहीत नाही. माझ्या सांगण्यात नावाने काही फरक पडत नाही. ताईचा फोन आला, “जर्सी तूच आणलीस, आता तूच समजाव.” मी गेलो तर भाचा गॅलरीत बसला होता, जर्सी मांडीवर. रडत नव्हता. म्हणाला, “मामा, म्हणजे ते सगळे गोल खोटे?”

मी त्याला माझ्या पिवळ्या पट्ट्याचं सांगितलं. लान्स आर्मस्ट्राँग हा सायकलपटू, कर्करोगातून बरा होऊन टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेला. २००४ मध्ये त्याच्या संस्थेने पिवळे रबरी पट्टे काढले, जगभरात कोट्यवधी विकले गेले, आणि एक माझ्या मनगटावर होता. आंघोळीलाही काढायचो नाही. १९९९ ते २००५ अशी सलग सात जेतेपदं. २०१२ मध्ये ती सातही काढून घेतली गेली आणि २०१३ च्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबूल केलं, की उत्तेजकं घेतली होती. तो पट्टा मी फेकला नाही आणि परत घातलाही नाही. तो पैसा कर्करोगाच्या रुग्णांसाठी होता, ते काम खोटं नव्हतं. पण जे त्याच्याशी प्रामाणिकपणे शर्यत करून हरले त्यांचं काय? त्यांची वर्षं कुणी परत दिली नाहीत. तसंच हे, मी म्हणालो. गोल झाले ते झाले, पण समोरच्या संघावर अन्याय झाला, आणि तो अन्याय लहान नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नाव काढता येतं का?”

काढता येतं, पण सोपं नाही. कुणाला गरज पडली तर सांगून ठेवतो. जर्सी उलटी करा, अक्षरांच्या मागच्या बाजूला सुती रुमाल ठेवा, इस्त्री अगदी कमी तापमानावर. पॉलिएस्टर लगेच आकसतं. दहा-पंधरा सेकंद दाबा, मग बाजू पलटून चिमट्याने कड उचला आणि हळूहळू ओढा. एका अक्षराला पाच-सहा मिनिटं लागली. खाली चिकट गोंद राहतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निघतो. इस्त्री मी धरली, चिमटा त्याने. निघालेली अक्षरं तो एका कागदावर त्याच क्रमाने लावत गेला. सगळं नाव त्या कागदावर उतरलं. मला वाटलं फाडून टाकेल. त्याने कागदाची घडी न घालता तो कंपासखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

आणि जर्सीवरून नाव गेलं का? नाही. पाच महिन्यांच्या उन्हाने बाकीचं कापड विटलं होतं, अक्षरांखालचं मात्र नवं कोरं राहिलं होतं. त्यामुळे नाव आता गडद रंगात, लांबूनही वाचता येईल असं दिसतं. कुठल्याही धुलाईने ते जाणार नाही. घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्या संध्याकाळी मी त्याला पाओलो दि कानियो या इटालियन फुटबॉलपटूचीही गोष्ट सांगितली. डिसेंबर २००० मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून एव्हर्टनविरुद्ध खेळताना समोरचा गोलकीपर पॉल जेरार्ड जखमी होऊन पडला होता, बॉल हवेतून दि कानियोकडे येत होता आणि सामना १-१ बरोबरीत होता. त्याने गोलकडे मारायच्या ऐवजी बॉल दोन्ही हातांनी झेलला आणि खेळ थांबवला. त्यासाठी त्याला फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला. मी पंच झालो त्यात त्या झेलाचा वाटा आहे. आणि याच माणसाने २००५ मध्ये इटलीच्या लाझिओ क्लबकडून खेळताना प्रेक्षकांपुढे हात ताठ करून फासिस्ट सलाम ठोकला, त्यासाठी एका सामन्याची बंदी भोगली. भाचा म्हणाला, “मग तुला तो आवडतो की नाही?” मी म्हणालो, तो झेल आवडतो. तो मी माझ्याकडे ठेवलाय. सलाम ठेवलेला नाही. माणूस पाठीवर घ्यायचा म्हटलं तर दोन्ही घ्यावं लागतं, म्हणून दि कानियोची जर्सी मी घेणार नाही. यावर तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर बॉलचा आवाज मात्र आला. डाव्या पायाचा. तो पाय त्याने स्वतः मेहनतीने कमावलाय, कुठल्याही चाचणीत तो बाद होणार नाही.

विक्रेत्याबद्दल थोडक्यात. बातमीनंतर मी परत घेता का म्हणून विचारलं. नाव छापलेला माल परत घेत नाही, असं उत्तर आलं. हे मागवतानाच लिहिलेलं असतं, तेव्हा तक्रार नाही. पण मुलांच्या मापात नाव निवडताना कोरी पाठ हाही पर्याय ठळक दाखवायला हवा. आत्ता तो पानाच्या तळाशी शोधावा लागतो, आणि वर लुकलुकणारी नावं असतात. मुलाला सोबत घेऊन मागवत असाल तर त्याला विचारा, की या खेळाडूचं तुला नेमकं काय आवडतं. भाच्याला मी तेव्हा विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने डावा पाय सांगितला असता, आणि मग कदाचित पडण्याबद्दलही आमचं आधीच बोलणं झालं असतं.

गेल्या महिन्यात त्याच्या कोचने त्याला पुढून काढून डाव्या बचावात घेतलं, डावा पाय बघूनच. जुनी जर्सी काखेत घट्ट व्हायला लागलीय, म्हणून एक माप मोठी दुसरी मागवली. नावाच्या रकान्यात काय घालू, विचारलं. “काही नको,” म्हणाला, “नुसता तीन घाल.” परवा आली. नंबर सरळ बसलाय, एका धुलाईनंतर कडा शाबूत आहेत. अक्षरांचे गुण वाढवायचे की नाही ते तिसऱ्या महिन्यात बघू.