खळ्यातला पडदा आणि तीन रात्रींची भुते

वेंगुर्ले तालुक्यातील एका घरगुती निवासाच्या मालकांनी डिसेंबरमध्ये सलग तीन रात्री आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, भयपट दाखवले. माणशी 250 रुपये, त्यात कांदाभजी आणि कोकम सरबत. चित्रपट सगळे मोठ्या स्टुडिओच्या पैशाविना, ओळखीपाळखीच्या माणसांच्या बळावर उभे राहिलेले. तिन्ही रात्री मी हजर होतो. व्यवस्थेबद्दल तक्रारी आहेत आणि त्या पुढे येतीलच. परंतु निवड करणाऱ्याला या प्रकाराचे मर्म कळलेले आहे, हे आधी नोंदवले पाहिजे.

पहिल्या रात्री 1968 चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ होता. जॉर्ज रोमेरो आणि पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारे त्यांचे सहकारी यांनी तो सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये, कृष्णधवल फिल्मवर केला. रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप वापरले, कारण काळ्या-पांढऱ्या चित्रात दोहोंमधला फरक कळत नाही. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचे नाव बदलले तेव्हा नव्या शीर्षकावर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली, आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट तेथे कोणाच्याच मालकीचा उरला नाही. एका शेतघरात अडकलेली सात माणसे खिडक्यांवर फळ्या ठोकतात आणि तळघरात उतरायचे की वरच थांबायचे यावरून एकमेकांचे गळे धरतात. बाहेर उठून फिरणाऱ्या मढ्यांपेक्षा आतले हे भांडण अधिक घातक ठरते. भाऊबंदकीचे दावे पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या आमच्या प्रेक्षकांना ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. उणिवाही लपत नाहीत. काहींचा अभिनय शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाटतो, नायिका अर्धा चित्रपट सोफ्यावर सुन्न बसून राहते, आणि मढी का उठली याचा खुलासा टीव्हीवरच्या बातम्या गरजेपेक्षा जास्त वेळ करत राहतात.

दुसऱ्या रात्रीचा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ मी पूर्वी घरी पाहिला होता आणि मला तो कंटाळवाणा वाटला होता. हे मत मी मागे घेतो. 1997 च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत त्याचे चित्रीकरण झाले. कॅमेरे तिघा कलाकारांच्याच हातात होते, दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ त्यांना रोज चिठ्ठ्यांतून त्रोटक सूचना देत आणि जेवण मुद्दाम दिवसेंदिवस कमी करत. 1999 मध्ये तो प्रदर्शित झाला आणि जगभरात सुमारे 24 कोटी 80 लाख डॉलर मिळवून गेला. चेटकिणीच्या शोधात गेलेले तिघे जंगलात वाट चुकतात, चेटकीण मात्र अखेरपर्यंत दिसत नाही. कोकणात वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे नाव माहीत असते: चकवा. तीच वाट, तोच ओहोळ, दिवसभर चालून पुन्हा त्याच पडलेल्या झाडापाशी. रात्री तंबूबाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी आमच्यामागच्या मांगराच्या छपरावर खरोखरच काहीतरी सरपटत गेले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी पाय खुर्चीवर घेतले ते शेवटपर्यंत खाली ठेवले नाहीत.

दोष असा, की हलत्या कॅमेऱ्याचा चित्रपट हलत्या पडद्यावर दाखवू नये. दोन माडांच्या मध्ये बांधलेली चादर मतलई वाऱ्याने पोटात हवा भरलेल्या शिडासारखी फुगत होती. त्यावर तो धावता कॅमेरा. माझ्या शेजारच्या तरुणाने अर्ध्या तासात डोके गुडघ्यांत घातले, ते भीतीने नव्हते. ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ येथे अधिक शोभला असता. तो त्यांनी सुमारे 15 हजार डॉलरमध्ये, स्वतःच्याच घरात चित्रित केला आणि त्यातल्या सर्वांत भेदक दृश्यांत कॅमेरा तिकाटण्यावर निश्चल उभा असतो. पुढच्या वेळी मालकांनी हा विचार करावा.

तिसऱ्या रात्री मुख्य चित्रपटाआधी जवळच्या तरुणांनी केलेला वीस मिनिटांचा लघुपट दाखवला गेला. नाव देत नाही, कारण मुले होतकरू आहेत. जुने घर, बावीवर पाणी काढणारी बाई, मागून दिसणारे मोकळे केस. इथवर ठीक होते. मग त्यांनी हडळीचा चेहरा दाखवला, आणि तो चेहरा मैद्याचा व कुंकवाचा आहे हे सर्वांना एकदमच दिसले. खळ्यात हशा पिकला. तरीही हा लघुपट चेहऱ्यामुळे पडला असे मला वाटत नाही. संवाद मोबाइलच्याच माइकवर घेतलेले होते, त्यामुळे बाईच्या बोलण्यापेक्षा दूरच्या रिक्षाचा आवाज मोठा येत होता, आणि ती उणीव झाकण्यासाठी दर मिनिटाला ढोलाचा दणका घातला होता.

याच पंचक्रोशीत जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. रंगमंचावर एक लाकडी बाक आणि मागे पडदा असतो. तेच बाक सिंहासन होते, तेच डोंगर होते. स्त्रीपात्रे पुरुष करतात, राक्षसाचे रंग घामाने ओघळतात आणि पहाटेपर्यंत बसलेल्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. नटाचा आवाज मात्र बसला असेल किंवा पखवाज चुकला असेल तर मागची माणसे उठू लागतात. कमी पैशांच्या भयपटाचाही हिशोब नेमका हाच आहे. धूसर चित्र, उसने घर, अनोळखी नट हे सगळे प्रेक्षक खपवून घेतो, किंबहुना त्यामुळे प्रसंग खरा वाटतो. फाटका आवाज तो खपवून घेत नाही. गावाची राखण करणाऱ्या देवचाराचा दाखला देत मालकांच्या आईंनी लघुपटानंतर एका वाक्यात हेच सांगितले: “आमचो देवचार असो तोंड दाखवित धावणा नाय रे, त्याची नुसती काठी आयकाक येता.”

शेवटचा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ हा तिन्ही रात्रींतला सर्वांत आनंददायी अनुभव ठरला. शिनइचिरो उएदा यांनी तो सुमारे 30 लाख येनमध्ये केला. पहिली 37 मिनिटे एकाच सलग दृश्याची आहेत आणि ती इतकी ओबडधोबड आहेत, की आमच्यातले दोघे विसाव्या मिनिटाला गाडीकडे निघून गेले. त्यांनी काय गमावले हे येथे सांगितले तर पुढच्या प्रेक्षकावर अन्याय होईल. एवढेच म्हणतो, की ज्या चुकांना आम्ही सुरुवातीला हसलो, त्यांतल्या प्रत्येकीची किंमत नंतर कळली.

आता तक्रारी. ओटीवरचा दिवा तिन्ही रात्री चालू राहिल्याने काळोखातली दृश्ये राखाडी दिसली. विनंती केल्यावर तिसऱ्या दिवशी त्यावर टोपली घालण्यात आली, बटण मात्र कोणी बंद केले नाही. पडदा खाली लावल्याने उपशीर्षकांची दुसरी ओळ पुढच्या डोक्यांआड जात होती. ध्वनीसाठी एकच छोटा स्पीकर होता, तो प्रोजेक्टरच्या पंख्याशेजारी. ज्या प्रकारात सगळी मदार आवाजावर असते तेथे ही काटकसर समजण्यासारखी नाही. भजी गरम होती आणि मध्यंतरात पुन्हा विचारून वाढली गेली.

जाणार असाल तर मागच्या रांगेऐवजी स्पीकरच्या बाजूची खुर्ची धरावी. डासांसाठी मलम आणि परतीसाठी विजेरी न्यावी, कारण गाड्या डांबरी रस्त्याला लावाव्या लागतात आणि तेथवरची पाणंद दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधून जाते, दिवा एकही नाही. दुसऱ्या रात्री माझ्याजवळ विजेरी नव्हती. मी काकूंची वाट पाहत खळ्यातच थांबलो आणि त्या निघाल्यावर त्यांच्या मागोमाग चालत गेलो.