अँटीव्हायरसच्या भांडणात नानांची एफडी गेली

गूगलवर "अँटीव्हायरस कस्टमर केअर नंबर" टाकल्यावर सगळ्यात वर जो नंबर येतो ना, त्याच्यावर फोन लावायच्या आधी हे वाचा. वर "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं म्हणजे कोणीतरी पैसे भरून ती जागा घेतलेली असते, आणि ते कोणीही असू शकतं.

शिरपूरला आमचे नाना राहतात, माझे चुलते, झेडपीच्या शाळेतून रिटायर. घरी कॉम्प्युटर घेतला तो अहिराणी म्हणी आणि लग्नाची गाणी टाईप करून ठेवायला, तेवढाच नाद. दुकानदाराने मशीन देताना एका अँटीव्हायरसचं ट्रायल टाकून दिलेलं, ते संपायला आलं म्हणून नानांनी दुसऱ्या कंपनीचं बॉक्स विकत आणून तेही टाकलं, पहिलं काढलंच नाही कारण काढायला पाहिजे हे कोणी सांगितलंच नव्हतं. झालं, मशीन हँग. वर्ड उघडायला पाच मिनिटं आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालूच होईना.

आता यात मुळात काही गूढ नाही. दोन अँटीव्हायरस रिअल टाईम, म्हणजे सतत पहाऱ्यावर, चालू असले की प्रत्येक फाईल उघडताना दोघंही तपासतात, एकाने हात लावला की दुसरा त्याच्याकडे संशयाने बघतो, मशीनवर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसते. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर याबाबतीत शहाणा आहे, दुसरा अँटीव्हायरस आला की तो आपणहून मागे सरकतो, पण बाहेरून आणलेले दोन एकमेकांसाठी तसे सरकत नाहीत. आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक की दाबली की ती मधेच पकडून मराठी अक्षर करतं, पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅमही कीबोर्डवर असंच लक्ष ठेवतात, म्हणून एखादा अँटीव्हायरस त्याला चोर समजून कोंडून ठेवतो. नानांकडे नेमकं तेच झालेलं.

तर नानांनी तो वरचा नंबर लावला. पलीकडे हिंदीत अतिशय गोड बोलणारा पोरगा, "सर जी, टेन्शन मत लीजिए". त्याने एनीडेस्क, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, टाकायला लावलं, त्यातला आकडा विचारला आणि मशीनमध्ये शिरला. मग जो खेळ केला तो नीट समजून घ्या, कारण सगळी भीती त्यातूनच घातली गेली.

आधी काळी विंडो उघडून त्याने "असॉक" कमांड मारली. त्याने फाईलींच्या प्रकारांची लांब यादी येते आणि शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक मोठा नंबर दिसतो. पोरगा म्हणे, सर आमच्याकडे तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर आहे, मी वाचतो तुम्ही टॅली करा. त्याने वाचला, नानांनी स्क्रीनवर बोट ठेवत अक्षर न अक्षर जुळवलं, जुळलं! नाना म्हणाले मला, "भो, त्याले मन्हा कॉम्प्युटरना नंबर पाठ होता." अहो, तो नंबर माझ्या मशीनवर आहे, तुमच्याही आहे, जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच्या तोच आहे, राईट क्लिकमधल्या "सेंड टू" मेनूतल्या एका झिप फोल्डरच्या सोयीचा तो कोड आहे. लायसन्सचा काडीचा संबंध नाही.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवला. त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण भरपूर. "सर ये सब व्हायरस है, दोनों सॉफ्टवेअर करप्ट हो गये". इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची रोजची डायरी आहे, एखादी सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तरी ती तिथे लिहून ठेवते. धडधाकट, नव्या कोऱ्या मशीनवरही शेकड्याने एरर सापडतात. डीसीओएम १००१६ नावाचा एक एरर तर इतका नेहमीचा आहे की मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय की दुर्लक्ष करा. पण बासष्ट वर्षांच्या माणसाला लाल फुल्यांची रांग दाखवली की पोटात गोळा येणारच.

५,४९९ रुपये घेतले, "तीन साल का सिक्युरिटी प्लॅन". बदल्यात काय केलं तर एक अँटीव्हायरस बंद करून ठेवला, आणि जाता जाता एनीडेस्कमध्ये स्वतःचा पासवर्ड घालून ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी नानांनी परवानगी न देताही आत येता येईल. हे आम्हाला फार नंतर कळलं. मशीन मात्र जरा फास्ट झालं, त्यामुळे नाना खुश, गल्लीत दोघातिघांना नंबरही दिला.

खरा घाव पुढेच होता. महिन्याभराने फोन, आमची कंपनी बंद होतेय, तुमचे ५,४९९ परत करायचेत, नेट बँकिंग उघडा. उघडलं. मग स्क्रीन काळी, "सर्व्हर का काम चालू है". मोबाईलवर ओटीपी आला, तो "रिफंड का ओटीपी" म्हणून विचारून घेतला. स्क्रीन परत आली तर सेव्हिंग खात्यात एकावन्न हजार आणि काही रुपये जमा! पोरगा फोनवर रडायलाच लागला, सर गलतीसे ज्यादा चला गया, मेरी नौकरी जाएगी, माँ बीमार है. नाना आयुष्यभर मास्तर, पोरगं रडतंय म्हटल्यावर विरघळले, आपले ५,४९९ ठेवून बाकीचे पंचेचाळीस हजार त्याने दिलेल्या यूपीआयवर पाठवून दिले. पाठवल्यावर त्याने "आप भगवान हो" असंही म्हटलं म्हणे, नालायक.

दुसऱ्या दिवशी वहिनीने एसएमएस वाचले. जमा झालेली रक्कम रिफंड नव्हतीच, नानांचीच पन्नास हजारांची एफडी ऑनलाईन मोडून त्यांच्याच खात्यात टाकली होती. काळ्या स्क्रीनच्या मागे हेच चाललं होतं आणि ओटीपी त्याचाच होता. आपलाच पैसा आपल्या एका खिशातून दुसऱ्यात टाकून मग "चुकून गेला" म्हणून मागून नेला. एसएमएसमध्ये इंग्रजीत एफडी क्लोजर असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण फोन कानाला लावून ठेवल्यावर मेसेज वाचायला देतात कुठे.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे खात्याखात्यातून पुढे सरकत असतात, तक्रार जितकी लवकर तितकी रक्कम मधे कुठेतरी अडते. आमची रात्र मधे गेली तरी सतरा हजार होल्ड झाले, बाकीचे एटीएममधून काढून नेलेले. बँकेत विचारलं तर रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला, ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला कळवताना तक्रार नंबर आणि वेळ लेखी घ्या.

मशीन मी धुळ्याहून जाऊन बसलो तेव्हा नीट झालं, फुकटात. आधी नेटची वायर काढली, एनीडेस्क उडवलं, सगळे पासवर्ड मोबाईलवरून बदलले. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, सेफ मोड (यात विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं), आणि ट्रायलवाला अँटीव्हायरस त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने मुळासकट काढला, कारण नुसतं अनइन्स्टॉल केलं की कधी कधी त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत रुतलेले तुकडे, मागे राहतात. तरीही टायपिंग चालेना तर एमएसकॉन्फिगमध्ये (मशीनसोबत काय काय सुरू व्हावं ते ठरवायची विंडोजची खिडकी) "हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस"वर टिक करून बाकी सगळ्या बंद केल्या आणि थोड्या थोड्या चालू करत गेलो, याला क्लीन बूट म्हणतात. दोषी सापडला, उरलेल्या अँटीव्हायरसच्या क्वारंटाईनमध्ये, म्हणजे संशयित फाईली कोंडायच्या कोठडीत, टायपिंगची फाईल अडकलेली. सोडवली, पुन्हा पकडू नये म्हणून एक्सेप्शनमध्ये टाकली, चहा प्यायलो.

सतरा हजारांसाठी अर्ज दिलाय, अजून हातात काही नाही. आणि तो नंबर परवा एका मित्राच्या फोनवरून लावून पाहिला तर अजून लागतो, फक्त आता प्रिंटरच्या कंपनीचं नाव सांगतात.