भाषण लिहून वाचावं की मुद्द्यांवरून बोलावं?

पहिल्यांदाच बोलायचंय आणि कागद पूर्ण लिहावा की नुसते मुद्दे, हे ठरत नाहीये? तयारीचा हिशोब वाटतो त्याच्या उलटा आहे. मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द धरले तर ५ मिनिटांचं भाषण ६००-७५० शब्दांचं. तेवढं लिहिलं की बरंचसं काम उरकतं. मुद्दे चार ओळींत मावतात, पण मोठ्याने पुन्हा पुन्हा बोलून पाहावे लागतात. हा सराव लोक हमखास टाळतात.

वेळ पाळायला लिखित भाषण सरस. पण डोळे कागदावर, आवाज एकसुरी आणि वाक्यं लेखी वळणाची, तिथे ते मार खातं. मुद्द्यांवरून बोलणारा समोरचे चेहरे वाचतो; कुणी गोंधळलेलं दिसलं तर उदाहरण वाढवतो, कंटाळा दिसला तर मुद्दा गाळतो. (शब्दशः पाठांतर ही तिसरी वाट. एक शब्द निसटला की सगळंच अडतं, म्हणून मी ती सुचवत नाही.)

अधिकृत निवेदन असेल, एकेका शब्दाला जबाबदार राहायचं असेल, तर वाचा. वर्ग, बैठक, सादरीकरण, सत्कार यांसाठी मुद्दे. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं लिहून ठेवा.